सव्वा महिना

मायी बायको प्रमिला रोज सकाळी देवघरात गणपतीले, बालाजीले अन् एका फ्लॉपीले हळद-कुंकू लावते. हसू नका. आधी मीही हसत होतो.

मी मधुकर. सिंदीत स्टेशनच्या रस्त्यावर मायं दुकान हाये. पंखे, कूलर, बल्ब, वायर. हाये म्हणजे पाटी हाये. लाईनच नाई तं पंखा घेऊन माणूस काय डोक्याले बांधन? गिऱ्हाईक म्हणून आता दुकानात फक्त चिमण्या येतात, अन् कूलरच्या डब्यात अंडे घालून जातात.

दोन हजार तीनच्या दिवाळीमागं जग बसलं. कोणी म्हणे सूर्यावरून काही सुटलं अन् साऱ्या दुनियेचे ट्रान्सफॉर्मर एका फटक्यात जळाले. कोणी म्हणे मोठ्या देशांनी एकमेकांची खोड काढली. आमच्या गल्लीतला रूपराव म्हणे कलियुग सरलं. मले कारण घेऊन काय लोणचं घालायचं हाये? मले एवढंच माहीत हाये का दुकानातला माया डोक्यावरचा पंखा फिरता फिरता थांबला, अन् तो आजवर थांबलाच हाये. फोन गेले, गाड्या गेल्या. नागपूरकडून येणारी एक मालगाडी गावाबाहेर उभी राह्यली ते अजून उभीच हाये. तिच्या डब्यात लोक आता बकऱ्या बांधतात. आधी वाटलं आठ दिवसात येईन लाईन. मंग वाटलं संक्रांतीपर्यंत येईन. मंग आम्ही एकमेकाले विचारणंच सोडलं.

आमची एकुलती एक पोरगी गुंजन तवा अमेरिकेत. जावई तिकडे नोकरीले. त्याच दसऱ्याले तिले पोरगी झाली होती. पहाटे फोन आला तं प्रमिलानं पेढ्यासाठी हलवायाले झोपेतून उठवलं. दुसऱ्या फोनवर गुंजन म्हणाली, "आई, प्रफुलच्या कॉम्प्युटर क्लासवर बाळाचा फोटो पाठवला हाये. जाऊन पाहा."

दुसरी कोणी आजी असती तं अनवाणी पळत सुटली असती. पण आमच्या घरी प्रमिलाचा कायदा चालते. सव्वा महिना होईपर्यंत लेकराचं तोंड बाहेरच्या माणसाले दाखवायचं नाई, फोटो काढायचा नाई, अन् काढलाच तं पाहायचा नाई. नजर लागते. तिनं फोनवरच गुंजनले झाडलं, "फोटो काढलाच काऊन तू? आता कोणाले तोंड दाखवू नको लेकराचं. झाकून ठेवजो. टीट लावजो. सव्वा महिना झाला का मंग आम्ही पाहू, नावही तवाच ठेवू." नाव तिनं मनात ठरवूनच ठेवलं होतं, आचल.

मी म्हणलं, "अवं, पोरगी सात समुद्राच्या पार. तिले सिंदीतून कोणाची नजर लागते?"

"नजरेले काय तिकीट काढा लागते?" प्रमिला म्हणाली. झालं.

प्रफुल म्हणजे आमच्या शेजारच्या मोतीलालचा पोरगा. तिशीतला, गरीब स्वभावाचा. वरच्या खोलीत त्याचा क्लास होता. मशीनीवर कापडाचे झगे, दाराशी चपलांचा ढीग, आत देवळासारखं गुपचूप. तो म्हणे, काकू, ईमेल तिथं जास्त दिवस राहणार नाई, फोटो काढून घेऊ. तं या बाईनं काय करावं? त्याले शपथ घातली. फोटो उघडायचा नाई, मशीनमध्ये ठेवायचा नाई, कारण तिथं सतरा पोट्टे येतात अन् कोणाची नजर कशी असते सांगता येत नाई. सरळ फ्लॉपीत टाकून दे. त्यानं डोळे खाली घालून तसंच केलं. हे फ्लॉपी घेऊन आली, पदरात बांधून, जशी काही नातच कडेवर घेऊन आली. देवघरात ठेवली.

सव्वा महिना भरायले थोडेच दिवस राह्यले होते. तेवढ्यात जग बसलं.

तवापासून गुंजनचा आवाज नाई, चिठ्ठी नाई, काही नाई. ती हाये का, कशी हाये, लेकरू चालून राह्यलं का, कोणाले विचारू? पहिलं साल प्रमिला रडली. दुसऱ्या साली तिनं रडणं थांबवलं अन् झबले शिवायले घेतले. दरवर्षी मापानं थोडे मोठे. मी म्हणत होतो, कापूस गावात सडून राह्यला, शिव बाप्पा, जेवढे शिवायचे तेवढे शिव.

मंग तिच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. डावा डोळा गेला अन् उजव्यातही धुकं चढायले लागलं. बैलगाडीनं तिले सावंगीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस. खिडकीच्या उजेडात त्यानं पाह्यलं अन् हात जोडून म्हणाला, "काकाजी, मले हे ऑपरेशन झोपेतही करता येते. पण आत बसवायले भिंग कुठून आणू? औषध कुठून आणू?" त्याचा काय दोष? मी त्याच्यावर ओरडलो मात्र. तो ऐकून घेत राह्यला.

परत येतानी गाडीत प्रमिलानं उजवा डोळा हातानं झाकून पाह्यला. मंग म्हणाली, "अवो, ऐकता का. मले डोळे नको. डोळे जायच्या आधी एकदा पोरीचं तोंड दाखवा. मंग जाऊ द्या."

तिनं आयुष्यात मले कधी काही मागितलं नाई. साडी आणली तं म्हणे कायले आणली. अन् मागितलं तं हे मागितलं. मी बैलाले उगाच शिव्या देत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी प्रफुलकडे गेलो. त्याच्या क्लासवर अजून झगे होते, झग्यावर धूळ होती. चपला काढून मी आत गेलो, सवयच तशी. त्या दिवशीच्या फटक्यात त्याच्या बहुतेक मशीनी आतून जळाल्या. उरल्यासुरल्या भागांची त्यानं एक मशीन जोडून ठेवली होती. कोणासाठी, कायच्यासाठी, त्याचं त्यालेच माहीत.

"मशीन हाये, काकाजी," तो म्हणाला. "पण फ्लॉपीचं ड्राइव्ह एकच वाचलं, तेही खोकते. अन् लाईन कुठून आणाल?"

"ते मी पाहतो," म्हणलं. वायर विकण्यात मायं आयुष्य गेलं, अन् लाईन मी पाहतो! काय पाहतो, डोंबल?

आसपास चालू इंजन एकच होतं, सेलूच्या रस्त्यावर अण्णाजीच्या विहिरीवर. करडीच्या तेलावर तो ते कसंबसं हाकलत होता. त्याले डायनामा लावून मशीन चालली असती. पण अण्णाजीच्या दारात मी जायचं म्हणजे! कधीकाळी त्याच्या पंपाच्या वायरीवरून मी त्याले भर दुकानात वाट्टेल ते बोललो होतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी. यात गाढव कोण ते तुमीच ठरवा.

अण्णाजीनं खाट टाकली, पाणी दिलं, सारं ऐकलं. मंग म्हणाला, "शेठ, तेल गव्हालेच पुरून नाई राह्यलं. लोकाच्या पोटाचं सोडून फोटोले इंजन लावू?"

खरं सांगतो, राग आला. पण तो बरोबरच बोलून राह्यला होता. त्याच्या जागी मीही हेच बोललो असतो, अन् वरून दोन शब्द जास्त बोललो असतो. म्हणून मी उठलो नाई, नुसता बसून राह्यलो. काय करावं ते सुचत नसलं का माणूस बसूनच राहते.

थोड्या वेळानं अण्णाजी बांधाकडे पाहत म्हणाला, "मायी पोरगी आकांक्षा पुण्याले शिकत होती. मायाजवळ तं फ्लॉपीही नाई." मंग खोकला काढला. "गव्हाचं शेवटचं पाणी होऊ द्या, शेठ. तेल उरलं तं सांगावा धाडतो. वहिनीले घेऊन येजा."

त्या हिवाळ्यात मी अण्णाजीच्या गव्हाची जेवढी काळजी केली तेवढी अण्णाजीनंही केली नसन. गहू पिवळा पडायची वाट पाहायची, अन् इकडे प्रमिलाचा डोळा. रोज सकाळी ती दारात उभी राहे अन् म्हणे, समोरच्या कडुनिंबाचं पान पान दिसते. मंग म्हणायले लागली, फांद्या दिसतात. मंग, झाड दिसते. मी म्हणे, "झाड दिसते ना? झालं तं मंग!" अन् दुकानात जाऊन पंख्याच्या खोक्याले लाथ मारे. कोणावर काढायचा राग? सूर्यावर काढू? तो तं रोज सकाळी लाज सोडून उगवून राह्यला होता.

होळीच्या तोंडावर अण्णाजीचा सांगावा आला.

गाडीत गवत टाकलं, त्यावर गोधडी, गोधडीत मशीन अन् टीव्हीसारखा तो काचेचा डब्बा. प्रफुल त्याले धरून बसला, जशी बाळंतीण घेऊन चालला. प्रमिलानं लग्नातलं जरीचं पातळ नेसलं होतं. लेकराचं तोंड रिकाम्या हातानं पाहू नये म्हणून सर्वात लहान, पहिलं शिवलेलं झबलं सोबत घेतलं. फ्लॉपी पदराच्या गाठीत होती. साऱ्या रस्त्यानं ती बोलत होती. नाक गुंजनसारखं असन का जावयासारखं, रंग कसा असन. मले म्हणे, "तुमच्यासारखं कपाळ नसलं म्हणजे मिळवली. तुमच्या कपाळावर नुसत्या आठ्या." गाडीवाला हसला. मीही हसलो. बरेच दिवसांनी हसलो.

अण्णाजीनं विहिरीजवळच्या खोपडीत चौरंग मांडला होता. प्रमिलानं बाहेर चपला काढल्या, हात-पाय धुतले अन् चौरंगासमोर मांडी घालून बसली. प्रफुलनं वायरा जोडल्या. फ्लॉपी मागून घेतली, उजेडात धरली, तिचा तो लहानसा पत्रा बोटानं सरकवला, अन् तसाच थांबला.

"काकाजी, जरा इंजनाकडे येता?"

गेलो. अण्णाजी इंजन गरम करून राह्यला होता, धडधडीत कोणाले काही ऐकू जाणार नव्हतं. प्रफुलनं फ्लॉपी दाखवली. पत्र्याखाली जी तपकिरी गोल तबकडी असते, जिच्यात फोटो राहते, ते लालभडक. कुंकवाचा पापुद्र्यावर पापुद्रा. मधात हळदीचा पिवळा डाग.

मी तसाच मागं गेलो. आवाज मवाळ ठेवून विचारलं, "अवं, फ्लॉपीले कुंकू कुठं लावत होती तू?"

"कपाळाले," प्रमिला म्हणाली. "वरून प्लास्टिकले लावून काय उपेग? पोरगी तं आत हाये. तो पत्रा सरकते ना, तिथून बोट जाते. रोज लावते. एक दिवस चुकवलं नाई."

तोंडाशी आलं होतं सारं. भैताड बाई, देवभोळी, आपल्या हातानं आपलं... सारं आलं होतं. आयुष्यभर मी कोणाचं काही ठेवून घेतलं नाई, तोंडावर बोलून मोकळा झालो. पण तिचा तो एक डोळा असा चमकत होता, अन् मांडीवर झबलं होतं. मी जीभ चावली. चांगलंच करते, म्हणलं. अन् परत इंजनाकडे गेलो.

"पुसता येईन?" मी प्रफुलले विचारलं.

"स्पिरिट असतं तं पाह्यलं असतं."

स्पिरिट कुठलं? पण अण्णाजी काही न बोलता खोपडीच्या मागं गेला अन् एक बाटली घेऊन आला. मोहाची. आपला जिल्हा कागदावर कोरडा, दारूबंदीचा, पण कागद आता राह्यला कुठं? प्रफुलनं कापसाचा बोळा भिजवून हळूहळू पुसलं. कुंकू निघत होतं तसं त्याच्यासोबत तपकिरीही काही निघत होतं, ते मले दिसलं. त्यानं मायाकडे पाह्यलं. मी दुसरीकडे पाह्यलं.

"एकदाच चालन, काकाजी. चाललं तं."

इंजन लागलं. काचेचा डब्बा चटकन आवाज करून उजळला तं प्रमिला ओरडली, "आली लाईन!" तिच्या तोंडावर तो निळा उजेड पडला. अण्णाजीनं टोपी काढली. एवढ्या सालांनी तसला उजेड पाह्यला होता.

प्रफुलनं फ्लॉपी आत ढकलली. ड्राइव्ह खोकलं, कुरकुरलं, चूप झालं, परत कुरकुरलं. मंग फोटो वरून खाली उतरायले लागला, एक एक पट्टी. आधी भिंत. मंग एक हात, अन् हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. बाळंतपणाआधी प्रमिलानंच पाठवल्या होत्या त्या. "गुंजनचा हात!" मी ओरडलो. मंग पांढरं टोपरं. टोपऱ्याखाली इवलुसं कपाळ. कपाळाच्या कोपऱ्यात काजळाची टीट, चांगली मोठी.

उतर बाप्पा, म्हणलं मनात. आणखी थोडं उतर. डोळे येऊ दे.

भुवईची काळी रेघ सुरू झाली अन् ड्राइव्हनं खर्र केलं. भुवईच्या खाली राखाडी पट्टी. नुसती राखाडी, तळापर्यंत. प्रफुलनं फ्लॉपी काढली, फुंकली, परत टाकली. या वेळी काहीच हाललं नाई. परत टाकली. आतून जळल्यासारखा वास आला अन् ते कुरकुरणंही थांबलं. काचेवर तेवढंच राह्यलं, हात, टोपरं, टीट अन् राखाडी पट्टी. प्रफुलनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. पोरगा रडून राह्यला होता.

अन् मी काय केलं? काही नाई. काय करणार होतो? इंजनाची धडधड ऐकत उभा राह्यलो. मले वाटलं आता ही विचारन, तोंड कुठं हाये, अन् मले सांगा लागन का तुयंच कुंकू, तुयाच हातानं. नाईतं खोटं बोला लागन, डोळे असे हायेत, नाक तसं हाये. मले दोन्ही येत नव्हतं. मी आयुष्यात खोटं नीट बोललो नाई, अन् खरं बोलायची त्या दिवशी ताकद नव्हती.

प्रमिला पुढे सरकली. नाक काचेले लागेपर्यंत पुढे सरकली. तो एक डोळा टोपऱ्यावरून फिरला, टिटीवर थांबला, खाली आला. खाली बराच वेळ राह्यला. बोटानं तिनं ती राखाडी पट्टी चाचपून पाह्यली.

अन् हसली हो. तोंडभर हसली.

"अगोबाई, झाकलं ना पोरीनं! दुपटं ओढलं तोंडावर!" ती मायाकडे वळली. "पाह्यलं का? तुमी हसत होते मले. पोरगी एवढ्या दूर गेली पण माय सांगन ते ऐकते. सव्वा महिना झाला नव्हता ना, म्हणून तोंड नाई दाखवलं. टीट पण कशी मोठी लावली!"

अण्णाजीनं टोपी परत घातली अन् उगाच इंजनाकडे गेला.

"कपाळ तुमचंच हाये पण," ती म्हणाली. "मोठं." मंग झबलं काचेले लावून धरलं, मापाचं हाये का पाहत. "प्रफुल, दुसरा फोटो येईन ना आता. सव्वा महिना तं केव्हाच झाला. आला का सांगजो रे बाबा. ह्या वेळी मी थांबणार नाई."

"हाव काकू," प्रफुल म्हणाला. "सांगतो."

इंजन बंद झालं तसा उजेड एका ठिपक्यात गोळा झाला अन् गेला. परत येतानी ती गाडीत झोपली, माया खांद्यावर डोकं ठेवून. बैलाले मी एकही शिवी दिली नाई.

पाडव्याच्या आत उजवा डोळाही गेला. आता तिले उजेड-अंधार कळते, बस. पण तिचं काही रडगाणं नाई. पोरगी सुखरूप हाये, ऐकते, लेकराची काळजी घेते, हे तिनं डोळ्यानं पाह्यलं म्हणते. गल्लीभर सांगून झालं. प्रफुल मले टाळते, मी त्याले टाळतो.

काल सकाळी देवघरातून हाक आली. "अवो, ऐकता का. इकडे या जरा."

गेलो. गणपतीले, बालाजीले अंदाजानं लावून झालं होतं. फ्लॉपी तिच्या हातात होती, अन् बोट कडेकडेनं फिरून राह्यलं होतं, पण पत्रा सापडत नव्हता.

"मले दिसून नाई राह्यलं," ती म्हणाली. "आजपासून तुमी लावत जा. नीट कपाळालेच लावजा, आचलच्या."

मी तिच्या हातातून फ्लॉपी घेतली. पत्रा सरकवला. कुंकवात बोट बुडवलं अन् लावलं.

"लागलं?" तिनं विचारलं.

"लागलं," म्हणलं.